वाजणाऱ्या गायींचा पंधरवडा

टिचकीमामांचा कुठल्याही वस्तूवर टिचकी मारल्याशिवाय विश्वास बसत नसे. कलिंगड असो, दार असो, पाण्याची टाकी असो, आधी अंगठ्यावर मधलं बोट ताणायचं, टण्णकन सोडायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा मामांनी त्याच्या पाठीवरून प्रेमाने हात फिरवला आणि फिरवता फिरवता हळूच एक टिचकी मारून घेतली. मग आत जाऊन मामींना म्हणाले, "भरीव आहे. चालेल." तेव्हा कुठे लग्न ठरलं.

ही सवय त्यांना लागली होती ती गायींमुळे. जनावरांच्या दवाखान्यात ते एकतीस वर्षं कंपाउंडर होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये जनावर उभं करून अडकवायचा लोखंडी नळ्यांचा खोडा आणि कोपऱ्यात एक नळ, जो बंद केला तरी गळायचा आणि उघडला तर गळायचा थांबायचा. या दवाखान्यात माणसांची नावं कुणी विचारत नसे. माणूस कुणाचा, एवढंच बघायचे. "लंगडीचे बाबा आलेत." "तीन थानवालीची आजी बसलीये केव्हाची." खुद्द मामांचं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेच शिल्लक राहिलं नव्हतं.

गायीला चार पोटं असतात हे शाळेत सगळे शिकतात, आणि त्या चार पोटांच्या कौतुकात तिच्या आतड्यांना कुणी विचारत नाही. मामांना याचा फार राग. "अहो, मोठ्या गायीची आतडी सरळ केली," ते प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगत, "तर या खोड्यापासून निघून पार समोरच्या सायकलवाल्याच्या दुकानात शिरतील. एवढ्या लांबच्या रस्त्यावर अपघात होणारच की!" आणि मग ते अपघात बोटांवर मोजून दाखवत. शर्टाची बाही आत खुपसावी तसं आतडं आतड्यात घुसतं. कधी पीळ पडतो. कधी शेण वाळून दगडासारखं अडून बसतं. कधी उलटंच, सगळा गोठा एका दिवसात पिचकाऱ्या मारायला लागतो. पण मामांचं खरं प्रेम होतं आंधळ्या आतड्यावर.

आंधळं आतडं म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या नाक्यावरची एक पिशवी. एका बाजूने उघडी, दुसऱ्या बाजूने बंद. आत शिरलेल्याने आल्या वाटेनेच बाहेर पडायचं. यात कधी कधी वायू भरतो, पिशवी फुग्यासारखी फुगते, आणि गाय खाणं टाकते, शेण टाकत नाही, पोटावर लाथा झाडते. वेळेवर कळलं तर औषधाने उतरतं. नाही कळलं तर पोट उघडून फुगा रिकामा करावा लागतो. आणि कळतं कसं? तर टिचकीने. गायीच्या उजव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्या संपतात आणि मांडी सुरू व्हायची असते त्या खळग्यावर, डॉक्टरांची कानात घालून ऐकायची नळी लावायची आणि शेजारी टिचकी मारायची. आत फुगा असेल तर घट्ट ताणलेल्या पत्र्यावर खडा पडावा तसा आवाज येतो. टंण.

तो "टंण" ऐकण्यात मामांचा हात, म्हणजे कान, धरणारा कुणी नव्हता. आजवर आठ डॉक्टर आले आणि गेले. सगळे हातात पातं धरून आधी मामांकडे बघायचे. "मामा, कापू?" मामा मान डोलवायचे, मगच पातं चालायचं.

आणि नेमका तोच कान गेला.

एकदम नाही गेला, पाहुण्यासारखा निरोप घेत घेत गेला. वर्षभर एकही गाय वाजली नाही तेव्हा मामांना वाटलं, लोक शहाणे झालेत, चारा नीट घालतायत. मग घरात तीन कुकर करपले.

"शिट्ट्या मोजायला बसवलं होतं तुम्हाला," मामी म्हणाल्या. "मोजल्या का?"

"झालीच नाही एकही!"

"सतरा झाल्या. शेजारीण मोजून गेली."

थोरल्या लेकीने त्यांना धरून, मामींना बरोबर घेऊन, कानाची यंत्रं विकणाऱ्याकडे नेलं. यंत्र शेंगदाण्याएवढं, कातडीच्याच रंगाचं, कानाच्या भोकात बसणारं. यंत्रवाला भला माणूस. त्याने यंत्र हातात धरून सगळ्या सूचना नीट सांगितल्या. पाण्यात भिजवू नका. झोपताना काढा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कान कशावरही दाबून धरू नका. उशी नको, फोन नको, भिंत नको. दाबलात की यंत्र स्वतःचाच आवाज ऐकतं आणि शीळ घालायला लागतं.

मामांनी प्रत्येक सूचनेला मान डोलावली. एकही ऐकू आली नव्हती. यंत्र अजून यंत्रवाल्याच्या हातात होतं.

लेक पैसे भरायला गेली होती; मामींना मात्र ऐकू आल्या होत्या. पण त्यांना कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायचं त्यांनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच सोडलं होतं.

यंत्र कानात गेलं आणि जग उघडलं. "चपला एवढ्या वाजतात?" मामा रस्त्यात थांबून म्हणाले. मग म्हणाले, "तू एवढ्या मोठ्याने बोलतेस?"

"वर्षभर बोलतेय," मामी म्हणाल्या. "तुमच्यासाठी."

दवाखान्यात मात्र हे कळता कामा नव्हतं. दोन वर्षांनी निवृत्ती. ज्या माणसाच्या कानावर गायींची पोटं उघडतात त्याचाच कान शेंगदाण्यावर चालतो असं कळलं, तर उरलेली दोन वर्षं बाटल्या धुण्यात जातील.

"मग धुवा," मामी म्हणाल्या. "घरात तेवढंच शिकून याल."

पण मामांनी त्यांची जुनी सैल लोकरी टोपी शोधून काढली, दोन्ही कानांवर ओढली, आणि ऐन उकाड्यात कामावर गेले.

"मामा, टोपी?" नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सर्दी," मामा म्हणाले.

या डॉक्टरीणबाई म्हणजे नववा डॉक्टर. वय सव्वीस, चष्मा जाड, पुस्तकं पाठ. आतड्याचे सगळे रोग त्यांना पानांच्या क्रमांकासकट येत. फक्त एक गोष्ट येत नव्हती आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. त्यांना तो "टंण" आयुष्यात एकदाही ऐकू आला नव्हता. परीक्षेत सरांनी विचारलं, "वाजलं?" शेजारच्या चौघांनी "हो सर" म्हटलं. यांनीही म्हटलं. तेव्हापासून त्या खोटं "हो सर" पोटात घेऊन फिरत होत्या, आणि मामांच्या कानाकडे देवाने दिलेल्या वस्तूकडे बघावं तसं बघत होत्या.

पहिली गाय आली ती लंगडी. दोन दिवस दूध कमी. नळीची टोकं काही यंत्राच्या वरून कानात बसेनात, म्हणून मामांनी ती गळ्यातच ठेवली, टोपी जराशी वर केली, आणि जुन्या माणसांसारखा कानच सरळ गायीच्या उजव्या भकाळीला लावला. घट्ट दाबून. टिचकी मारली.

टिंऽऽऽऽ.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभराने! इतकी वर्षं आवाज तुटक यायचा, हा चांगला लांबलचक येत होता. पण त्याचं कारणही मामांना लगेच सुचलं. यंत्र नव्या पद्धतीचं होतं ना.

"वाजतंय!" ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी घाईघाईने नळी लावली. आत नेहमीची गुडगुड, म्हातारी माणसं पलीकडच्या खोलीत बोलत असल्यासारखी. बाकी काही नाही. पण नळीच्या बाहेर, कुठून तरी, खरंच बारीक टिंऽऽ येत होतं.

"मामा, नळीत नाही येत... पण असं हवेत येतंय."

"हवेतच येणार. आत हवाच भरलीये."

डॉक्टरीणबाईंना हे पुस्तकात कुठे वाचल्याचं आठवेना. पण 'हो सर' म्हणायची सवय जुनी. "हो," त्या म्हणाल्या. "वाजतंय."

लंगडीची पेंड बंद केली, तेल पाजलं, दिवसातून दोनदा फिरवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी लंगडी ठणठणीत.

मग तीन थानवाली वाजली. तिच्यामागून सायकलवाल्याची भाकड वाजली. एक बैल वाजला. एक गाय तर आजारीच नव्हती. शिंगाला लावायचं औषध न्यायला मालकाबरोबर चालत आली होती. मामांनी जाता जाता कान लावला, तीही वाजली. सगळ्यांना तेल, फिरणं, पेंड बंद. सगळी जनावरं बरी. जी आजारी नव्हती ती तर फारच लवकर बरी झाली. मामांचं नाव चार दिशांना झालं. आणि बाकावर बसलेल्या मंडळींत एक नवीनच चढाओढ सुरू झाली.

"आमची काल वाजली."

"किती वेळ?"

"मामांनी कान काढेपर्यंत."

"आमची त्याहून जास्त. आमची दारात उभं राहून ऐकू येत होती."

"माझी नाही वाजली हो अजून," एक बाई रडवेल्या सुरात म्हणाली. "मामा, परत एकदा बघा ना जरा, नीट दाबून."

मामांनी नीट दाबून बघितलं. वाजली. बाई खूश होऊन गेली.

आठवड्याभरात दहा जनावरं झाली. डॉक्टरीणबाई मेहनती, त्यांनी टापटिपीने अहवाल लिहून मोठ्या कचेरीत पाठवला. उत्तर चार दिवसांत आलं. 'आंधळे आतडे फुगणे हा पसरणारा रोग नाही. एकाच वेळी दहा जनावरांना, पैकी एका बैलास, तो कसा झाला याचा खुलासा करावा. पुढील जनावर आढळल्यास शस्त्रक्रिया करून फुगलेल्या आतड्याचे छायाचित्र सोबत जोडावे.'

डॉक्टरीणबाईंनी पत्र तीनदा वाचलं. "मामा, पुढच्या गायीला कापावं लागणार."

"कापू की," मामा म्हणाले. टोपीखाली घाम आला होता, तो कानाकडे जाणार नाही याची काळजी घेत त्यांनी पुसला. "फक्त आपली ठकी नको म्हणजे झालं."

ते गमतीने म्हणाले होते.

ठकी ही ठकीच्या आईची गाय. ठकीची आई म्हणजे सायकलवरून घरोघर दूध पोचवणारी, पन्नाशीची, कमरेत हात ठेवूनच जन्माला आलेली बाई. नऊ वर्षांपूर्वी ठकी जन्मताना गायीच्या पोटात आडवी अडकली होती, तेव्हा मामांनी चार तास खटपट करून तिला बाहेर ओढलं होतं. ओली, लटपटणारी ठकी सगळ्यांत आधी मामांच्या शर्टावर शिंकली. तेव्हापासून ती मामांची. गाय अतिशय नखरेल होती. जागा बदलली की रुसायची, दावं बदललं की रुसायची. एकदा ठकीच्या आईने केस कापले तर दोन दिवस तिला जवळ येऊ दिलं नव्हतं.

पत्र आल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ठकीची आई ठकीला घेऊन फाटकात उभी.

"मामा, बघा हिला. परवापासून नीट खात नाही. कालपासून शेण नाही टाकलं. पोटाला लाथा मारून घेते. आणि बघते कशी माझ्याकडे, जशी काय मी हिची सासू! दगडी हौद फुटला म्हणून नवाकोरा निळा टब आणलाय हिच्यासाठी, केवढा मोठा, माणूस झोपेल त्यात. पण कौतुक आहे का—"

"थांबा, थांबा," मामा म्हणाले. पूर्वी ते अशा वेळी बाकावर बसून दहा प्रश्न विचारायचे. काय खाल्लं, किती खाल्लं, पाणी कुठलं, शेण कसलं. पण पंधरवडाभर त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. कान असताना प्रश्न कशाला? त्यांनी टोपी वर केली, कान लावला, टिचकी मारली.

टिंऽऽऽऽ.

मामांचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाईंचाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग टेबलावरच्या पत्राकडे.

"कापायचं?" ठकीची आई म्हणाली. तिचे हात कमरेवरून खाली आले; हे दवाखान्याने पहिल्यांदाच पाहिलं. "तेल नाही पाजणार? सगळ्यांना तेल पाजलंत, माझ्याच ठकीने काय घोडं मारलंय?"

"शेण बंद आहे, वाजतंय, लाथा मारतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कापणंच बरं." हे सगळं खरं होतं. पण त्यांना पत्र आलं नसतं तर त्यांनी आधी तेल पाजलं असतं, हेही खरं होतं.

ठकीला खोड्यात उभं केलं. गायीचं हे ऑपरेशन उभ्यानेच करतात. उजवी बाजू बधिर करायची आणि तिथून आत शिरायचं. मामांनी साबण लावून भकाळीवरचे केस वस्तऱ्याने काढले.

"भांग पाडताय की काय तिचा?" ठकीची आई म्हणाली. आवाज चढा होता, पण त्यात रडू होतं.

बधिर करायची इंजेक्शनं झाली. फोटो काढायला कॅमेरा स्टुलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी आंधळं आतडं पुस्तकाबाहेर कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या चष्म्यावर वाफ आली होती. "मामा, एकदा शेवटचं ऐका. तुमचा नियम आहे ना, कापायच्या आधी एकदा ऐकायचं."

मामांनी कान लावला. टिंऽऽऽ. "वाजतंय," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात ठकीने अंग सरकवलं. साडेचारशे किलोचं अंग. तिच्या ढकलण्याने मामांचं डोकं घसरलं आणि तोच कान खोड्याच्या लोखंडी नळीवर दाबला गेला.

टिंऽऽऽऽ.

 लोखंड आहे, वाजायचंच, मामांनी मनाशी म्हटलं. पण टिचकी तर मारलीच नव्हती.

ते दोन पावलं मागे सरकले आणि शेडच्या लाकडी खांबाला कान लावला. टिंऽऽऽ. भिंतीला लावला. टिंऽऽऽ. मग हळूच, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्यांनी स्वतःचा तळहात कानावर दाबला.

टिंऽऽऽऽ.

तळहाताला आंधळं आतडं असल्याचं मामांनी एकतीस वर्षांत कुठे ऐकलं नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांसमोरून सगळी रांग गेली. लंगडी, तीन थानवाली, बैल, शिंगाचं औषध न्यायला आलेली ती बिचारी. 

"मामा?" डॉक्टरीणबाईंनी पातं भकाळीवर टेकवलं होतं. "कापू?"

आठ डॉक्टरांनी विचारलेला हाच प्रश्न. नुसती मान डोलवायची होती. ठकीचं पोट उघडलं जाईल, आत सगळं जागच्या जागी सापडेल, टाके घालून बंद होईल. "उतरला फुगा आपोआप" म्हणता येईल. गायी यातून बऱ्याही होतात. कुणाला काही कळणार नाही. ठकीलाही नाही.

ठकीने मान वळवून मामांकडे बघितलं. आणि नऊ वर्षांपूर्वीसारखीच, बरोबर त्यांच्या शर्टावर शिंकली.

मामांनी टोपी काढली. कानातून शेंगदाणा काढला आणि तळहातावर धरून पुढे केला.

"कापू नका, बाई. गाय नाही वाजत. मी वाजतोय."

शेडमध्ये नळ गळण्याचा तेवढा आवाज राहिला, आणि तोही मामांना ऐकू येत नव्हता.

"म्हणजे?" ठकीची आई म्हणाली. "तुम्हाला वायू झालाय?"

मामांना तिचे फक्त ओठ हललेले दिसले. त्यांनी शेंगदाणा परत कानात घातला आणि सगळं सांगितलं. कुकर, थोरली लेक, यंत्रवाला, दाबला की वाजणारा कान. सांगताना प्रात्यक्षिकही दाखवलं. हात दाबला, टिंऽऽ. काढला, शांत. दाबला, टिंऽऽ. 

डॉक्टरीणबाईंनी पातं ट्रेमध्ये ठेवलं, पालथ्या बादलीवर बसल्या, आणि चष्मा काढून हसायला लागल्या. की रडायला, ते सांगणं अवघड होतं. "मामा, मला एकदाही ऐकू आलं नाही हो. नळीत कधीच नाही आलं! मला वाटलं माझेच कान खराब आहेत!"

"मग 'हो' का म्हणायचात?"

"तुम्ही म्हणायचात म्हणून!"

"वा!" ठकीची आई म्हणाली. तिचे हात कमरेवर परत गेले होते. "एकाला ऐकू येत नाही, दुसरीला बोलता येत नाही. आणि अर्धं अंग बधिर करून ठेवलंय माझ्या गायीचं. आता हिला काय झालंय ते कोण सांगणार? सायकलवाला?"

खरंच की. ठकी बरी नव्हतीच. शेण बंद होतं, पोट दुखत होतं. मामांनी बाकावर बसून घेतलं. पंधरवड्यानंतर पहिल्यांदा.

"बाई, हातमोजा चढवा," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "खांद्यापर्यंतचा. कान राहू द्या, आता हाताने बघा."

डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकचा लांब हातमोजा चढवला, साबण लावला आणि मागून हात आत घातला. कोपर गेलं. दंड गेला. चष्मा ठकीच्या शेपटीला टेकला.

"फुगा लागतोय का उजवीकडे? चेंडूसारखा?"

"नाही... मऊ आहे सगळं. फुगा नाही."

"म्हणजे आंधळं आतडं आपल्या जागी सुखात आहे. पुढे?"

"पुढे गोळे आहेत. टणक. कोरडे, बुळबुळीत आवरणाचे. मामा, हे शेण आहे! विटेसारखं झालंय!"

मामांनी ठकीच्या आईकडे वळून बघितलं आणि तो प्रश्न विचारला जो त्यांनी पंधरवडाभर विचारला नव्हता. "पाणी किती पिते?"

"पाणी?" ठकीची आई थांबली. "टब तर भरलेलाच असतो."

"भरलेला असतो की रिकामा होतो?"

 ठकीच्या आईला सकाळचा निळा टब आठवला. कालचाही. काठोकाठ भरलेला, वर एक पान तरंगत असलेला. दोन्ही दिवस तेच पान.

"रंग आवडला नाही हिला!" ती किंचाळली. "निळा आवडला नाही! मरायला निघाली होती ही बया, पण निळ्यातून पाणी प्यायली नाही!"

तिने खोड्याजवळची दवाखान्याची चेपलेली जुनी पत्र्याची बादली उचलली, नळाखाली धरली आणि ठकीच्या तोंडापुढे आदळली. ठकीने बादली हुंगली. मग ती अशी प्यायली की तळाशी जीभ घासल्याचा खरखराट मामांनाही ऐकू आला. दुसरी बादली. तिसरी. मामांनी नळीने तेल पाजलं आणि मागून साबणाचं कोमट पाणी सोडलं. मग सगळे वाट बघत बसले. डॉक्टरीणबाईंनी वाट बघायला नेमकी चुकीची जागा निवडली होती. पण हे त्यांना दुपारी अडीच वाजता कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

"चष्मा होता म्हणून वाचले," त्या नळाखाली डोकं धरून म्हणाल्या.

"शेण बघा की कसलं सुरेख!" मामा म्हणाले. खरंच, शेवटचा पो अगदी मऊ, गोल, पायरी पायरीचा पडला होता.

दुसऱ्या दिवशी प्रश्न उरला पत्राचा. डॉक्टरीणबाई कागद पुढे घेऊन बसल्या. "मी लिहिते की माझी चूक झाली. यंत्राचं लिहीत नाही. तुम्हाला बाटल्या धुवायला लावतील."

"लिहा," मामा म्हणाले. डोक्यावर टोपी नव्हती. "कान सरकारी कामात वाजलाय, तर तशी नोंद व्हायला हवी."

पत्र गेलं. 'पुनर्तपासणीअंती वाजणारी जनावरे: शून्य. वाजणारे कर्मचारी: एक. उपाय: कर्मचाऱ्याने गायीस कान लावू नये, प्रश्न विचारावेत.' कचेरीतून त्याला काहीच उत्तर आलं नाही. बहुतेक तिथे कुणाला फाईल कुठे लावायची ते सुचलं नसावं. बाटल्या मामांनी तरीही धुतल्या, कारण त्या ते आधीपासूनच धूत होते.

गावकरी मात्र रागावले. लंगडीच्या बाबांनी बाकावर उभं राहून जाहीर केलं, "बाकीच्यांच्या नसतील वाजल्या. आमची खरंच वाजली होती!" शिंगाचं औषध नेणाऱ्याने तर मामांशी आठवडाभर बोलणंच टाकलं. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला माहीत होतं. दाबू नका म्हणाला होता तो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत?"

 त्या दिवसापासून मामा घरातही प्रश्न विचारायला लागले.

दीड महिन्याने एक काळी गाय आली. मामांनी बाकावर बसून दहा प्रश्न विचारले. नव्याने भरपूर धान्य घातलेलं, परवापासून शेण थोडंसं, उजवी बाजू वर आलेली. त्यांनी नळी डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली, त्यांचं बोट धरून भकाळीवरची जागा दाखवली, आणि स्वतः लांब जाऊन उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी टिचकी मारली. थबकल्या. परत मारली. त्यांचे डोळे चष्म्यापेक्षा मोठे झाले. मामांना काही ऐकू यायची गरजच नव्हती.

"मामा, वाजलं! नळीत वाजलं!" त्यांनी तिसरी टिचकी मारली, मग चौथी, मग नळी कानातून काढली आणि जरा हिरमुसून म्हणाल्या, "पण फारच तोकडं आहे हो. नुसतं टंण. तुमचं किती लांब वाजायचं!"

"ते नव्या पद्धतीचं होतं," मामा म्हणाले, आणि तेलाची बाटली आणायला आत गेले.